स्वयंपाकघराचे छत आणि आपली फुप्फुसे

"डॉक्टर, खोकल्याची तीन औषधे झाली, आता चौथे द्या," असे म्हणत पंचेचाळिशीच्या एक ताई गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात आल्या. खोकला तीन महिन्यांचा होता. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटल्यावर प्रथम थुंकीची तपासणी केली, छातीचा फोटो काढला. क्षयरोग नव्हता. ताप नाही, वजन घटलेले नाही, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत नाही. मात्र खोकला रोज सकाळी दहाच्या आणि रात्री आठच्या सुमारास वाढतो आणि माहेरी चार दिवस राहिले की बसतो, असे त्यांच्या बोलण्यात आले. मी विचारले, "ताई, दिवाळीआधी घरात काही बदल केला का?" त्या हसून म्हणाल्या, "केला ना. स्वयंपाकघराला पीओपीचे छत करून घेतले. या एकदा बघायला."

घर जवळच होते, म्हणून जाऊन पाहिले. स्वयंपाकघर जेमतेम ८ फूट बाय ७ फूट. छत पांढरे शुभ्र, कडेने नक्षी, मध्ये चार लहान दिवे. दिसायला खरोखरच छान. पण त्यांच्या सासूबाई उंबर्‍यातूनच म्हणाल्या, "झ्याक झालंय सगळं, पण फोडणी दिली की डोळं उघडत नाहीत बघा." घराच्या मागच्या बाजूला गेल्यावर उलगडा झाला. बाहेरून भिंतीत स्लॅबच्या खाली हवेची जाळी दिसत होती. आतून मात्र तिचा पत्ता नव्हता. नवे छत दीड फूट खाली घेतल्याने ती जाळी आणि तिच्यात पूर्वी बसवलेला पंखा, दोन्ही झाकले गेले होते. धूर आणि वाफ बाहेर जाण्याची घरातली एकमेव वाट बंद झाली होती.

वाचकहो, आजकाल घर बांधताना किंवा दुरुस्त करताना फरशी कोणती, ओटा कोणत्या दगडाचा, कपाटे कोणत्या रंगाची यांवर घरात बरीच चर्चा होते. छताचा विचार झालाच तर तो शोभेपुरता. पण लहान स्वयंपाकघरात छत हा आरोग्याचा प्रश्न आहे. छत कसे असावे याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे : आधी वर गेलेली हवा बाहेर काढण्याची सोय करा, मग छत सजवा.

छताखाली काय साठते?

गरम हवा हलकी असते आणि ती वर जाते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. चूल असो, स्टोव्ह असो की गॅस, ज्योतीवर तापलेली हवा धूर, वाफ आणि फोडणीतले तेलाचे सूक्ष्म कण घेऊन सरळ छताला जाऊन भिडते. तिथून बाहेर पडायला वाट नसेल तर ती छताखाली पसरते. मागून आणखी हवा येत राहते, थर जाड होत जातो आणि हळूहळू खाली उतरतो. मोठ्या, उंच खोलीत हा थर डोक्याच्या वर राहतो. लहान आणि ठेंगण्या खोलीत तो दहा-पंधरा मिनिटांत नाकापर्यंत येऊ शकतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जमिनीवर चुलीपुढे बसून स्वयंपाक करणार्‍या बाईचे नाक जमिनीपासून अडीच फुटांवर असते. ओट्यापुढे उभ्या असलेल्या बाईचे नाक साडेचार-पाच फुटांवर. ओटा आला, कंबरेचा त्रास कमी झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण उभे राहिल्याने आपले तोंड छताखालच्या त्या थराच्या जवळ गेले. म्हणून ओट्याच्या स्वयंपाकघरात वरच्या हवेची वाट अधिकच गरजेची आहे.

"आमच्याकडे गॅस आहे, धूर कुठला?" असे अनेक भगिनी विचारतात. लाकडाच्या धुरापेक्षा गॅस कितीतरी चांगला, यात शंका नाही. पण गॅसची निळी ज्योतही काही सोडतेच. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. म्हणजे १४.२ किलोचे एक सिलिंडर संपते, तेव्हा सुमारे २२ लिटर पाणी आपल्या स्वयंपाकघराच्या हवेत गेलेले असते. भाताची आणि वरणाची वाफ वेगळीच. छताला ओल धरते, काळी बुरशी येते, पोपडे सुटतात, त्याला कारण नेहमी वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर नसते. ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड हा वायूही निघतो. तो दमेकर्‍यांच्या श्वासनलिकांना त्रास देतो. बर्नर घाण असेल आणि ज्योत पिवळी जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. शिवाय तळणाचा आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका आहेच.

शरीरावर काय परिणाम होतो?

डोळे चुरचुरणे, नाक वाहणे, घसा खवखवणे, कोरडा खोकला, स्वयंपाक संपताना डोके जड होणे, हे पहिल्या पायरीचे त्रास. ते खोलीबाहेर गेल्यावर कमी होतात, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण वर्षानुवर्षे हीच हवा आत गेली तर श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. या विकाराला सीओपीडी म्हणतात. आपल्याकडे हा विकार झालेल्या कित्येक बायकांनी आयुष्यात कधी विडी ओढलेली नसते. चुलीच्या धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते. हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचाही त्याच्याशी संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. त्यात पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती.

या सर्वांत घातक असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. डोळ्यांना ते एकेकटे दिसत नाहीत, नाकातल्या केसांना अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. वर्षाच्या सरासरीने हवेच्या एका घनमीटरात असे कण ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत, असे याच संघटनेने २०२१ मध्ये सुचवले आहे. छताच्या कोपर्‍यात जमणारी काजळी म्हणजे हवेत तरंगणार्‍या अशाच कणांतला भिंतीला चिकटलेला भाग. छत काळे झाले असेल, तर त्याच हवेतला काही भाग आपल्या छातीतही गेला आहे असे समजावे.

जुनी छते काय करत होती?

कौलारू घरात कौलांच्या फटींतून धूर आपोआप झिरपत असे. देशावरच्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला सवणे किंवा झरोका ठेवत. उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. बियाण्याची कणसे आढ्याला टांगून ठेवत, कारण धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. याचा अर्थ जुने सगळे चांगले होते असा नाही. चुलीचा धूर भरपूर असे आणि त्यातला बराचसा बाईच्या छातीत जाईच. पण छताला वाट असली पाहिजे, एवढे शहाणपण त्या बांधणीत होते.

धुराची ही अडचण जाणत्या लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेली मगन चूल धूर नळीने बाहेर नेणारी होती. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूरविरहित स्वयंपाकघरांवर पुस्तिकाच लिहिली. केंद्र सरकारने १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांतही गॅस पोचला. तरी सिलिंडर संपले की चूल पुन्हा पेटते, असे अनेक घरांत आजही दिसते. मधल्या काळात कौले उतरली, पत्रे आणि स्लॅब आले. चूल मात्र बंद छताखाली तशीच राहिली. ज्या घरात आजही चूल आहे आणि वर स्लॅब आहे, तिथे धुराडे बांधल्याशिवाय गत्यंतर नाही.

उंची किती असावी?

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वयंपाकघराची उंची फरशीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट असावी. जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे ५४ चौरस फुटांचे आणि किमान १.८ मीटर रुंद असावे.

आता वरच्या ताईंच्या स्वयंपाकघराचा हिशेब करू. ८ गुणिले ७ गुणिले ९, म्हणजे ५०४ घनफूट हवा. छत दीड फूट खाली घेतले की उरते ४२० घनफूट. ८४ घनफूट, म्हणजे सहावा हिस्सा गेला. आणि गेला तो नेमका वरचा हिस्सा, जिथे धूर क्षणभर थांबू शकत होता. म्हणून ९ फूट किंवा त्याहून कमी उंचीच्या स्वयंपाकघरात खाली उतरवलेले छत करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हौसच असेल तर स्लॅबलाच गुळगुळीत गिलावा करून पांढरा रंग द्यावा, कडेला साधी पट्टी काढावी. खोली उंच दिसते, उजेड वाढतो आणि खर्चही वाचतो.

पोटमाळ्याचेही तसेच. लहान घरात डबे, पातेली, पापड-कुरडयांचे पिंप ठेवायला माळा लागतोच. पण तो शेगडीच्या वर नको, समोरच्या किंवा दाराच्या भिंतीवर असावा. शेगडीवरच्या माळ्याखाली धूर अडतो आणि थेट स्वयंपाक करणार्‍याच्या तोंडावर येतो. शिवाय माळ्यावरचे कागद, गोण्या, जुने कपडे ज्योतीच्या वर असणे धोक्याचे.

कोणते छत, काय काळजी?

स्लॅब : लहान स्वयंपाकघराला उत्तम. चुन्याची सफेदी स्वस्त असते आणि चुन्याच्या क्षारामुळे त्यावर बुरशी सहजी वाढत नाही. तेलरंग पुसता येतो, पण हवा खेळती नसेल तर त्यावर वाफेचे थेंब जमून खाली ठिबकतात. स्लॅबला तपकिरी डाग, भेगा किंवा फुगवटा दिसला तर वरून रंग मारून झाकू नये. आतल्या सळ्या गंजत असतात आणि एके दिवशी पोपडा शेगडीवर किंवा डोक्यावर पडतो. आधी ओल कुठून येते ते शोधावे.

पीओपी आणि जिप्समचे छत : वाफेच्या जागी ओल धरते, फुगते, बुरशी येते. वरच्या पोकळीत झुरळे आणि उंदीर राहतात आणि ती पोकळी साफ करता येत नाही. करायचेच झाले तर शेगडीच्या वरचा आणि जाळीच्या भिंतीलगतचा भाग मोकळा सोडावा.

पीव्हीसीच्या पट्ट्या : ओल धरत नाहीत, पुसता येतात, म्हणून हल्ली फार खपतात. पण उष्णतेने त्या वाकतात आणि पेटल्या तर त्यातून घशाला आणि फुप्फुसांना जाळणारा वायू निघतो. शेगडीच्या वर त्या लावू नयेत. थर्माकोल तर स्वयंपाकघरात कुठेच नको. तो क्षणात पेट घेतो.

लोखंडी पत्रा : उन्हाळ्यात भट्टी होते. वरून पांढरा रंग किंवा चुना द्यावा. कचरा पडू नये म्हणून पत्र्याखाली जुनी साडी किंवा प्लास्टिकचा कागद बांधण्याची पद्धत आहे. तेलाच्या वाफेने ती साडी तेलकट होते आणि फोडणीच्या एका भडक्याने पेटते. शेगडीच्या वर तिला बिलकुल जागा देऊ नये.

सिमेंटचा पत्रा : जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. पत्रा अखंड असेल तर धोका कमी. तो फुटतो, कापला जातो, त्याला भोक पाडले जाते किंवा कोरडा घासला जातो, तेव्हा तंतू हवेत उडतात. आजार मात्र वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी दिसतो, म्हणून आज काही होत नाही यावर विसंबू नये. असा पत्रा कोरडा झाडू किंवा खरवडू नये. तडा गेलेला पत्रा बदलताना आधी पाण्याने पूर्ण भिजवावा, अखंडच उतरवावा, मुलांना दूर ठेवावे. तुकड्यांचा चुरा करून वाटेवर टाकू नये.

कौले : हवेच्या दृष्टीने चांगली. एक-दोन काचेची कौले बसवली तर दिवसा दिवा लागत नाही. माकडांच्या त्रासाने कौलांखाली सलग फळ्या किंवा पत्रे ठोकले तर मात्र वरच्या बाजूला धुरासाठी जाळी ठेवावी.

वाट कशी ठेवावी?

हवेची जाळी छताच्या जितकी जवळ तितकी चांगली. खिडकी असली तरी तिच्या चौकटीच्या वरचा दीड-दोन फुटांचा थर तिथून निघत नाही. बाहेर काढणारा पंखा शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, शक्य तितका वर बसवावा. पंख्याच्या खोक्यावर तो तासाला किती घनमीटर हवा काढतो ते लिहिलेले असते. हिशेब सोपा आहे. ५०४ घनफूट म्हणजे सुमारे १४.३ घनमीटर. तासाला पंधरा वेळा हवा बदलायची तर सुमारे २१५ घनमीटर काढणारा पंखा हवा. आपल्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून असाच हिशेब करावा आणि मगच पंखा घ्यावा.

पण नुसता पंखा लावून भागत नाही. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते. दार-खिडक्या सगळे बंद करून पंखा लावला तर तो नुसताच फिरतो. हवा समोरच्या बाजूने, दाराकडून यावी. पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी उघडी असेल तर पंखा त्या खिडकीचीच हवा ओढतो आणि शेगडीवरचा धूर जागेवर राहतो. छताचा पंखा स्वयंपाक चालू असताना लावू नये. तो वरचा थर ढवळून खाली आणतो आणि ज्योतही हलवतो. पंख्याचे तोंड शेजार्‍यांच्या खिडकीकडे नसावे, हेही सांगायला हवे.

धूर ओढणारी चिमणी घेणार असाल तर नळीने हवा घराबाहेर नेणारीच घ्यावी. नळी नसलेली चिमणी तेलकटपणा आणि थोडा वास अडवते. वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड परत खोलीतच सोडते. आणि ती नळी खोट्या छताच्या पोकळीत सोडून दिलेली नाही ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

गॅसगळतीच्या बाबतीत एक फरक नीट समजून घ्यावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो; त्याच्यासाठी दाराखाली फट किंवा भिंतीत खाली जाळी हवी. शहरांत आता नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असतो. तो छताखाली साठतो. नळाचा गॅस घेतलेल्या घरात छताची पोकळी बंद असणे आणि वरची जाळी बुजवलेली असणे अधिक धोक्याचे. गॅस कोणताही असो, वास आला तर दिव्याचे किंवा पंख्याचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर किंवा नळ बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांना बाहेर काढावे. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा तातडीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तोही घराबाहेर जाऊनच लावावा.

उन्हाळा

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात मे महिन्यात गच्चीखालच्या स्वयंपाकघरात उभे राहणे ही शिक्षाच असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि त्याच वेळी रात्रीचा स्वयंपाक असतो. चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे, लघवी कमी आणि गडद होणे ही उष्णतेची लक्षणे बायका अंगावर काढतात. गच्चीला मे महिन्याआधी चुन्याचा किंवा पांढर्‍या रंगाचा हात दिला तर स्लॅब कमी तापतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला आणि पुढे त्यात पांढर्‍या छतांचा समावेश केला, तो याच कारणाने. ज्यांना हेही शक्य नाही त्यांनी निदान डाळी शिजवणे, भाजणे, तळणे ही कामे सकाळी लवकर उरकावीत. गरोदर स्त्रिया आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी हे आवर्जून पाळावे.

झाडलोट, पाल आणि दिवा

दसरा-दिवाळीला जळमटे काढण्याची आपली प्रथा चांगली, पण कोरड्या झाडूने काजळी झाडली की ती सगळी आपल्याच नाकात जाते. त्या आठवड्यात दम्याचे रुग्ण हमखास वाढतात. नाकाला ओला रुमाल किंवा मास्क बांधावा, झाडूला ओले फडके गुंडाळावे, पिण्याचे पाणी आणि पीठ-मीठ आधी बाहेर न्यावे. दमा असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. वर्षातून एकदा झाडण्यापेक्षा दर महिन्याला पाच मिनिटे ओल्या फडक्याने पुसलेले बरे. पंख्याची आणि चिमणीची जाळीही त्याच वेळी सोड्याच्या गरम पाण्यात धुवावी.

दिवा शेगडीच्या बरोबर वर लावला की त्याच्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाल येते, आणि तिची लेंडी पातेल्यात पडते. दिवा बाजूच्या भिंतीला, हातावर उजेड पडेल असा लावावा. घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या विष्ठेतून आतड्याला त्रास देणारे जंतू अन्नात येऊ शकतात. म्हणून पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, आणि त्याहीपेक्षा सगळी भांडी झाकून ठेवावीत.

घरच्या घरी परीक्षा

स्वयंपाकघराची हवा तपासायला यंत्र लागत नाही. रोज स्वयंपाक करता तशी शेगडी पेटवून पाणी उकळत ठेवा. पाच मिनिटांनी एक उदबत्ती काठीला बांधून छताजवळ न्या आणि धूर कुठे जातो ते पाहा. तो जाळीकडे ओढला गेला तर ठीक. छताखालीच घोटाळत राहिला तर वाट नाही असे समजा. तीच उदबत्ती दाराच्या तळाशी धरा. धूर आत यायला हवा. दुसरी परीक्षा नाकाची. लसणीची फोडणी दिल्यावर घराबाहेर जाऊन पाऊण तासाने परत या. वास तसाच असेल तर तुमची हवा बदलत नाही.

वाचकांच्या शंका

प्रश्न : आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. भिंत फोडता येत नाही. काय करावे?
उत्तर : खिडकीच्या सर्वांत वरच्या तावदानाची काच काढून तिथे जाळी किंवा लहान पंखा बसवता येतो, घरमालक सहसा हरकत घेत नाहीत. शेगडी खिडकीजवळ आणावी, पण ज्योतीवर वारा येईल इतकी जवळ नको. भांड्यावर झाकण ठेवावे, डाळ-तांदूळ आधी भिजवावेत, कुकर वापरावा. धूर आणि वाफ मुळात कमी निर्माण होतील.

प्रश्न : खोटे छत करून झाले आहे. आता सगळे पाडावे का?
उत्तर : सगळे पाडण्याची गरज नाही. जाळीच्या भिंतीलगतची एक पट्टी काढावी, जाळी मोकळी करावी, तिच्यात पंखा बसवावा. शेगडीच्या वरचा चौकोन उघडला तर आणखी उत्तम.

प्रश्न : थंडीत पाणी तापवायला स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी ठेवतो. चालेल का?
उत्तर : बंद खोलीत मुळीच नाही. धगधगत्या कोळशाला धूर दिसत नाही, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. डोके दुखते, झोप येते आणि माणूस झोपेतच दगावतो. शेगडी अंगणात ठेवावी. गॅसच्या गिझरलाही हाच नियम. त्याची हवा थेट बाहेर जायलाच हवी.

शेवटी त्या ताईंविषयी. त्यांच्या यजमानांनी मिस्त्रीला बोलावून भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी काढली, जाळी साफ केली, पंखा परत बसवला. नक्षी थोडी बिघडली. दीड महिन्यात खोकला गेला. चौथे औषध लिहावेच लागले नाही.

पुढच्या खेपेस त्या सासूबाईंना घेऊन आल्या. आजींना जिना चढताना धाप लागत होती, ती "वयाची" म्हणून दहा वर्षे अंगावर काढली होती. फुंकर मारायच्या यंत्रावर तपासले तेव्हा श्वासनलिका बर्‍याच अरुंद झालेल्या आढळल्या. पस्तीस वर्षे चुलीपुढे गेली होती. फवार्‍याच्या औषधाने आजींना आता बरे वाटते, पण गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत. हे त्यांना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. हिचं वेळेवर कळलं, झालं."

आपल्या घरात कोणाचे तरी वेळेवर कळायचे असेल. आज स्वयंपाक झाल्यावर एकदा मान वर करून छताकडे पाहा, आणि जाळी कुठे आहे ते शोधा.